राफ्टमधला चौथा माणूस

माझ्या या गाढवपणाला कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. तुम्ही हसणार, हे ठरलेलंच आहे. हसा, बिनधास्त हसा, फक्त मध्ये थांबवू नका. चहा ओतलाय ना? मग ऐका.

ज्या देशात औषधालासुद्धा नदी नाही, त्या देशात बसून मी नदीवरच्या शिकारीचं प्लॅनिंग केलं! तेही कसलं? कॅनडातल्या जंगलात, जिथं रस्ता पोचत नाही अशा नदीवर, रबरी राफ्टमधून. आपल्याकडे इथे गल्फमध्ये वाहतं पाणी म्हणजे काय, पाऊस पडला की एखाद्या दिवशी वादी, म्हणजे एरवी कोरडा ठणठणीत ओढा, भरते, आणि त्या दिवशी मोबाईलवर मेसेज येतो की जवळ जाऊ नका. खलास!

तर मी नझीर. रुवैसला रिफायनरीत शटडाऊन प्लॅनर. म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद करायचा झाला की कुठला व्हॉल्व्ह आधी, कुठला नट नंतर, क्रेन कधी, माणसं किती, हे सगळं ठरवायचं. आठवडाभर कंपनीच्या कॅम्पमध्ये राहायचं आणि वीकेंडला गाडी हाणत दुबईत, अल कुसैसला घरी. घरी बायको शाहीन आणि पंधरा वर्षांची आलिया. आलियाला मराठी सगळं समजतं, पण उत्तर मिळतं इंग्लिशमध्ये. मी काहीही सांगितलं की "ओके डॅड." हो असलं तरी ओके, नाही असलं तरी ओके.

आमचे बॉस ग्रेग, कॅनडाचे. उंचेपुरे, लाल दाढीचे, स्वभावाने एकदम सरळ. मला 'नॅझ' म्हणतात. एकदा सकाळी मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो तर टेबलावर ड्रॉइंगऐवजी भला मोठा नकाशा. मधोमध एक निळी रेघ, वेडीवाकडी.

"नॅझ, ही आमच्याकडची नदी," ते म्हणाले. "मी, माझा भाऊ आणि त्याचा मित्र, तिघं चाललोय. छोटं विमान वर तळ्यात सोडणार, तिथून राफ्टमधून खाली यायचं, वाटेत मूसची शिकार."

मूस म्हणजे काय ठाऊक आहे ना? हरीणच ते, पण घोड्याएवढं उंच, म्हशीच्या अंगाचं, आणि डोक्यावर दोन सुपं उलटी लावल्यासारखी शिंगं.

मी त्या निळ्या रेघेवर बोट ठेवलं आणि काय झालं कुणास ठाऊक, भडाभडा बोलायला लागलो. आमचं गाव बाणकोटच्या खाडीवर. अब्बा तरीवर होडी चालवायचे, या काठची माणसं त्या काठाला. मीसुद्धा दहावीपर्यंत रोज वल्हं मारलंय. मग नोकरी लागली, गल्फ झालं, हाताला वल्हं लागलं नाही ते आजतागायत.

ग्रेग ऐकत होते. मग म्हणाले, "तू येतोस का? शिकारीचं लायसन आमच्याकडे आहे, तुला बंदूक धरावी लागणार नाही. पण दोन राफ्ट आहेत आणि वल्हवायला एक चांगला माणूस कमी पडतोय."

काय सांगू! छातीत नुसता ढोल वाजायला लागला. कॅनडाचा व्हिसा तर पासपोर्टवर तयार होता, मागच्या वर्षी मेव्हणीच्या मुलीच्या लग्नासाठी काढलेला. नदी, जंगल, वल्हं! अजून काय पाहिजे माणसाला?

आणि तोंडातून काय निघालं?

"नो, नो सर! मी कशाला? तुमची फॅमिली ट्रिप."

"शुअर?"

"शुअर, शुअर सर."

"ओके," म्हणाले आणि पुन्हा नकाशात डोकं घातलं.

अहो, थांबा, कपाळाला हात लावू नका! तुम्हीही तेच केलं असतंत. आपल्याकडे पहिल्या झटक्यात 'हो' म्हणतं कोण? पाहुण्यांकडे गेलो, सांदण समोर आलं, की आधी ताटावर आडवा हात. "नको नको, आत्ताच जेवून आलो." भले सकाळपासून पोटात अन्नाचा कण नसेना. मग यजमान म्हणणार, "घ्या हो!" आपण म्हणणार, "नको, खरंच." मग यजमान रागावणार, आणि तेव्हा कुठे आपण, "बरं, तुमच्या आग्रहाखातर..." म्हणून चार हाणणार. ही रीत आहे!

लहानपणी एकदा शेजारच्या खालांनी खीर विचारली आणि मी लगेच "हो" म्हणालो होतो. अम्मीनं दस्तरखानाखालून मांडीला असा चिमटा काढला की खीर गोड लागली की खारट, आजही सांगता येणार नाही. त्या दिवसापासून माझ्या तोंडातून पहिल्यांदा 'हो' निघालेलं नाही. निकाहाच्या वेळी काझींनी विचारलं तेव्हासुद्धा मी क्षणभर थांबलो होतो. शाहीन अजून ऐकवते!

तर मी खुशीत केबिनबाहेर आलो. पहिला नकार रीतसर झाला, आता साहेब पुन्हा विचारतील, इन्शाल्ला.

आणि दुपारी विचारलंच की! म्हणजे मला तसं वाटलं.

"नॅझ, या ट्रिपचं प्लॅनिंग तू करून देशील? तुझ्यासारखं कुणाला जमणार नाही."

आता तुम्हीच सांगा, जो येणार नाही त्याला कुणी प्लॅनिंग करायला सांगेल का? लग्नाला न येणाऱ्या माणसाला आपण आचारी ठरवायला पाठवतो का? मी मनात म्हटलं, वा, साहेबांची आग्रहाची तऱ्हा जरा वेगळी आहे. त्यांच्याकडे थंडी ना, आग्रहसुद्धा थंड.

मग मी जे काही प्लॅनिंग केलं! रिफायनरीच्या शटडाऊनलाही एवढा जीव ओतला नसेल. विमानात वजन किती चालेल, राफ्टमध्ये माणसं किती, तंबू किती, मूस मिळाल्यावर मांस ठेवायला जागा किती. काठापासून लांब उभं असलेलं जनावर मारायचंच नाही, हा नियम मी घातला. का? अहो, ते सगळं मांस चिखलातून पाठीवर वाहून होडीपर्यंत कोण आणणार? ग्रेगनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "माझ्या भावाला हे अजून कळलेलं नाही."

हलालचाही बंदोबस्त केला. बंदूक साहेबांची, पण जनावर पडलं रे पडलं की सुरी घेऊन पुढे धावणार तो चौथा माणूस, बिस्मिल्ला म्हणत. चार्टवर तशी स्टेपच टाकली. ग्रेगनी वाचून विचारलं, "हे धावायचं कशाला?" मी म्हटलं, "सर, फूड सेफ्टी." त्यांनी मान डोलावली.

आता गंमत बघा. चार्टवर सगळ्यांची नावं होती. ग्रेग, भाऊ, भावाचा मित्र. चौथ्याच्या जागी मी फक्त लिहिलं, 'चौथा माणूस'. स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं कसं लिहायचं? बरं दिसतं का ते? ते साहेबांनी लिहायचं, मी लाजायचं, असा हिशोब.

खुणा तर रोज मिळत होत्या. एक दिवस ग्रेगनी विचारलं, "नॅझ, तुझ्या बुटाचा नंबर काय?" झालं! गमबूट मागवतायत! मी त्याच संध्याकाळी गावाकडे फोन केला.

"अम्मी, मी शिकारीला चाललोय. कॅनडाला, होडीतून."

"अरे, वाघबीघ असतो काय तिकडे?"

"वाघ नाय अम्मी, अस्वल असतं."

"या अल्ला! मग तावीज पाठवते. आणि सुका जवळापण. तिकडे काय मिळणार तुला खायला?"

दुसऱ्या दिवशी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो, खाली 'आपल्या गावचा शिकारी'. मुबारकबादींचा पूर आला. कुणी मामू विचारतोय, शिंगं आणशील का, घरात लावू. शाहीननं तर कहर केला. मूसच्या मटणाला जागा पाहिजे म्हणून डीप फ्रीजर रिकामा करायला घेतला. आठवडाभर आम्ही सुरमईशिवाय दुसरं काही खाल्लं नाही.

मग दोनातली नवी मागवलेली राफ्ट आली. ऑर्डर दुबईत पोचली होती, आणि ग्रेग राहतात रुवैसच्या कॅम्पमध्ये. ते म्हणाले, "नॅझ, वीकेंडला तू उचलशील? घरी फुगवून एक दिवस ठेव, हवा गळतेय का बघ."

राफ्ट घरी! आता बाकी काय राहिलं हो?

मी ती हॉलमध्ये फुगवायला घेतली. पंप मारतोय, मारतोय, आणि ती फुगतेय, फुगतेय. आधी सोफा गॅलरीत गेला. मग टीपॉय बेडरूममध्ये. मग राफ्टचं एक टोक टीव्हीला टेकलं, दुसरं चपलांच्या रॅकला, आणि मधल्या फुगवट्यानं किचनचं दार बंद! शाहीन आत.

"ओ! मी इथंच राहू काय आता? दार उघडा!"

"उघडतंय कुठं? राफ्ट आडवी आहे. थोडी कळ काढ!"

"कळ काढते हां मी! आधी हा चहा घ्या, थंड होतोय." दाराच्या फटीतून हात आला, हातात कप.

तेवढ्यात आलिया तिच्या खोलीतून बाहेर आली. कानात ते हेडफोन. राफ्टकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता "ओके डॅड" म्हणून परत जाणार. पण तिनं हेडफोन काढले आणि टुणकन आत उडी मारली.

"डॅड, डू यू ॲक्चुअली नो हाउ टू रो?"

मी दोन मॉप घेतले आणि तिच्यासमोर बसलो. कसं धरायचं ते दाखवलं. पाठीतून ओढायचं, मनगटातून नाही. अब्बा माझ्या हातावर हात ठेवून शिकवायचे, तसा मी तिच्या हातावर हात ठेवला. तिला सांगितलं, खाडीला ओढ असली की पाण्याशी भांडायचं नाही, होडीचं तोंड जरा प्रवाहाच्या उलट धरायचं, पाणीच आपल्याला पलीकडे नेतं. हे मी तिला याआधी कधी सांगितलंच नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं म्हणा. त्या दिवशी मात्र किती विचारलं! आजोबा पोहायचे का, रात्री भीती वाटायची का, होडीचं नाव काय होतं.

"अँड यू आर गोइंग टू डू दिस? ऑन अ रियल रिव्हर?"

"इन्शाल्ला."

तिनं मोबाईलवर माझा मॉप वल्हवतानाचा व्हिडिओ काढला आणि मैत्रिणींना पाठवला. 'माय डॅड. वाइल्ड रिव्हर. नो बिग डील.' मी तो चोरून तीनदा बघितला. इतकी वर्षं मी त्या पोरीसाठी वीकेंडला येऊन एसीचं टेंपरेचर वाढवणारा माणूस होतो, आणि आता माझा व्हिडिओ! खरं सांगतो, त्यानंतर मला मूस नको होता, अस्वल नको होतं. फक्त त्या राफ्टमधली ती जागा पाहिजे होती.

म्हणून मी ठरवलं, साहेबांना जरा हिंट द्यायची. सोमवारी चार्ट घेऊन गेलो.

"सर, हा चौथा माणूस ठरवायला पाहिजे. तो हलका पाहिजे, विमानात वजन आहे. लहानपणापासून पाण्यावरचा पाहिजे. दारू न पिणारा, म्हणजे पहाटे उठेल. भात शिजवता आला पाहिजे. स्वभावाने शांत. घोरणारा नको."

आता यात माझं आधारकार्ड काढून द्यायचंच काय ते बाकी होतं.

ग्रेग खुर्चीत मागे टेकून डोळे मिटून ऐकत होते. "नॅझ, अगदी बरोबर. मलाही हेच वाटत होतं, चौथा माणूस पाहिजेच."

मी नव्या नवरीसारखी मान खाली घातली.

"म्हणून मी कालच ठरवून टाकला. हरदीप!"

बाजूच्या केबिनमधून हरदीप आला. आमचा सेफ्टी ऑफिसर, पंजाबचा, मनानं सोनं, पण वजन माझ्या दीडपट. चहा करायला गेला तर पातेलं जाळतो. कॅम्पमध्ये त्याच्या घोरण्यामुळे दोघांनी खोली बदललीय. आणि पाण्याशी संबंध म्हणाल तर फक्त आंघोळीपुरता.

"नझीर पाजी, सर ने पूछा, मैंने बोला चलो! लाइफ में कभी नाव नहीं देखी!"

ग्रेग हसले. "तू सांगितलास तसा माणूस मिळणं कठीण आहे, नॅझ. पण हरदीप निदान हो तरी म्हणाला."

मी हरदीपचा हात हातात घेऊन हलवला. "मुबारक," म्हणालो. काय करणार?

घरी सांगितलं का? कसलं सांगतोय! शनिवारी घरी पोचलो तर आलिया गुडघ्यावर लॅपटॉप घेऊन त्या नदीचा नकाशा बघत बसलेली. "डॅड, देअर्स अ रॅपिड हिअर, बी केअरफुल." म्हटलं उद्या सांगू. आणि उद्या तर ग्रेग आणि हरदीपच यायचे होते, राफ्ट न्यायला. शाहीन त्यांना जेवल्याशिवाय सोडते होय!

आले दोघं. ग्रेगनी मला एक बॉक्स दिला. "नॅझ, एवढं प्लॅनिंग केलंस, त्याबद्दल."

शाहीननं उत्साहानं उघडला. आत गमबूट नव्हते. आत लोकरीचं अस्तर लावलेल्या, मऊमऊ सपाता होत्या. घरात घालायच्या! माझ्या नंबरच्या!

शाहीननं सपाता उलटून पालटून बघितल्या आणि तिच्या इंग्लिशमध्ये विचारलं, "सर, दिस फॉर रिव्हर?"

"नो, नो," ग्रेग म्हणाले, "फॉर होम."

शाहीननं माझ्याकडे बघितलं. आलियानं माझ्याकडे बघितलं. मी सुरमईकडे बघितलं.

"आधी जेवून घ्या," मी म्हणालो, "गार होतंय."

जेवण सुरू झालं. शाहीन डोक्यात विचार असला की हाताने जास्तच वाढते. तिनं ग्रेगच्या ताटात सांदण घातलं. ते म्हणाले, "नो, थँक यू." तिनं अजून एक घातलं. "नो, रिअली, आय ॲम फुल." अजून एक! हरदीप मात्र न बोलता खात होता, आणि त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

शेवटी ग्रेग घाम पुसत म्हणाले, "नॅझ, मी तीनदा नाही म्हणालो. हे थांबवायचं कसं?"

उत्तर दिलं आलियानं. पोरगी स्वच्छ इंग्लिशमध्ये म्हणाली, "आमच्याकडे पहिले दोन 'नो' मोजत नाहीत. ते फक्त मॅनर्स असतात. ज्याला खरंच हवंय तोसुद्धा दोनदा नाही म्हणतो."

ग्रेगचा घास हातातच राहिला. ते हळूच माझ्याकडे वळले.

"नॅझ, त्या दिवशी मी तुला विचारलं होतं, येतोस का. तू नाही म्हणालास. तो कितवा होता?"

आलियाचे डोळे एवढे मोठे. आणि हरदीपनं चावणं थांबवलं, बिचाऱ्यानं ताट बाजूला सरकवलं.

"पाजी, आपको जाना था? तो बोलो ना! मेरी सीट ले लो."

बघा, संधी पुन्हा दारात उभी होती. तोंड उघडून 'हो' म्हणायचं होतं, बस! पण घरी आलेल्या पाहुण्याच्या ताटातला घास काढून घ्यायचा? माझी जीभ मला विचारते थोडीच!

"छे छे! नो सर! मला कशाला? मला तर पाण्यावर चक्कर येते!"

खाडीवर वाढलेला माणूस, तरीवाल्याचा मुलगा, काय बोलून गेला बघा! आलिया उठली आणि तिच्या खोलीत गेली. दार आपटलं नाही तिनं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पाहुणे राफ्ट घेऊन गेले. रिकामा हॉल नुसता खायला उठला. शाहीन भांडी आवरता आवरता म्हणाली, "तुमच्या तोंडाला कुलूप घातलंय काय हो कुणी? ती पोर नकाशा पाठ करून बसलीय!"

मला खरंच भरून आलं. मी नमाजाची चटई काढली, आणि मनाशी पक्कं ठरवलं. आता जर साहेबांनी विचारलं ना, तर वाक्य पुरं व्हायच्या आत 'हो' म्हणायचं. चिमटा गेला खड्ड्यात!

आणि काय सांगू, मगरीब आटोपून उठतोय तोच फोन. ग्रेग! गाडीतून! मी स्पीकर लावला. शाहीन धावत आली. आलियाच्या खोलीचं दार हळूच उघडलं.

"नॅझ, मी वाटभर विचार करतोय. आता तुमचा नियम मला कळलाय. तर मी एक गोष्ट विचारणार आहे. मॅनर्स बाजूला ठेव. पहिल्यांदाच खरं उत्तर दे. प्रॉमिस?"

"प्रॉमिस सर!"

"तर मी विचारणार होतो, की..."

"येस!" मी ओरडलो. "येस सर! येस, येस, येस!"

"मी अजून विचारलं नाही."

"तरीसुद्धा येस! हंड्रेड परसेंट!"

आयुष्यात पहिल्यांदा! शाहीननं दोन्ही हात तोंडावर ठेवले. आलिया दारात उभी राहून उड्या मारत होती.

"ओह, थँक गॉड," ग्रेग म्हणाले. "मला फार संकोच वाटत होता. तुला चक्कर येते, तरी तू तयार झालास! हरदीपला वल्हवायला अजिबात येत नाही. शनिवारी त्याला हत्ताच्या धरणावर नेऊन शिकव. यू आर अ गुड मॅन, नॅझ."

फोन बंद झाला.

मग दारातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं पोरगी रडतेय. बघतो तर ती दाराला धरून खाली बसलेली, हसून हसून डोळ्यांत पाणी. मग शाहीन सुरू झाली. मग मलाही राहवेना. तिघं जमिनीवर, जिथं राफ्ट होती तिथंच.

"डॅड," ती धापा टाकत म्हणाली, "आय ॲम कमिंग टू हत्ता."

शनिवारी हत्ताच्या धरणावर आम्ही भाड्याची होडी घेतली. हरदीपला शिकवलं, म्हणजे प्रयत्न केला. तो एकाच हातानं जोर लावायचा, त्यामुळे होडी जागच्या जागी गरगर फिरायची आणि तो ओरडायचा, "पाजी, चल रही है!" शेवटी दमला, काठावर जाऊन पराठे काढून बसला.

मग मी आणि आलिया दोघंच होडीत. मी वल्हं पाण्यात घातलं. ओढलं. पाणी बाजूनं सरकल्याचा तो आवाज आला, तरीवरचा. हात विसरले नव्हते, बरं का! सगळं आठवत होतं त्यांना. आजूबाजूला नुसते भुंडे डोंगर, मध्ये हिरवं पाणी. जंगल नाही, मूस नाही. समोर माझी पोरगी पाण्यात बोटं सोडून बसलेली, आणि मी तिच्या आजोबांसारखा वल्हवतोय. मला काही कमी वाटत नव्हतं.

"डॅड, नेक्स्ट सॅटर्डे अगेन? जस्ट यू अँड मी?"

आणि माझं तोंड! माझं हे तोंड!

"नको गं, तुझा अभ्यास असतो. माझ्यासाठी कशाला उगाच..."

तिनं ओलं बोट वर केलं. "दॅट्स वन."

"अगं, खरंच, तुझ्या मैत्रिणी..."

दुसरं बोट वर आलं. "टू."

तिचं तिसरं बोट अर्धवट वर येऊन थांबलेलं, आणि ती माझ्याकडे टक लावून बघतेय. मी वल्हं आत घेतलं, आणि मांडीला, जिथं अम्मीनं चिमटा काढला होता तिथंच, स्वतःच्या हातानं चिमटा काढला.

"किती वाजता निघायचं?" मी विचारलं.

तेव्हापासून दर शनिवारी जातो आम्ही. तिकडे हरदीप कॅनडाला जाऊन आला, मूस दिसलाच नाही त्यांना, त्यानं नुसता स्वतःचा फोटो पाठवला, नदीत पडलेला. मी तो घरातल्या मऊ सपाता घालून बघितला. पण तुम्ही लक्ष दिलंत का, होडीतसुद्धा माझ्या तोंडून सरळ 'हो' काही निघालंच नाही! पण आता सुधारलोय मी, शप्पथ. एकदम मोकळा झालोय, वाटलं ते पहिल्या झटक्यात...

काय? चहा? अजून एक कप?

नको, नको, राहू द्या.